पाऊण तारेवरची कसरत

प्राथमिक शाळेत संगीत शिक्षकाला वर्षातून तीनदा मान असतो: पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि स्नेहसंमेलन. एरवी तो 'पेटीवाले सर'. वेळापत्रकात माझ्या वाट्याला प्रत्येक वर्गाच्या दोन चौकटी आहेत, पण त्या नुसत्या आखलेल्या. गणिताच्या सरांचा भाग राहिला की ते दारात येतात आणि म्हणतात, "सर, आज जरा…" बावीस वर्षं झाली, त्या वाक्याचं क्रियापद मी अजून ऐकलेलं नाही. मी पेटी उचलतो आणि बाहेर येतो.

म्हणून जूनच्या पहिल्या सभेत मोठ्या बाई जेव्हा म्हणाल्या, "यंदापासून संगीत सगळ्या विषयांच्या मधोमध येणार," तेव्हा माझं बिस्किट चहात पडलं. कलेतून बाकीचे विषय शिकवावेत, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० सालीच लिहिलेलं आहे. आमच्या गावाला यायला धोरणाने बहुधा मुक्कामी एसटी धरली असावी.

मग तालुक्याला प्रशिक्षण झालं. तज्ज्ञांनी मोठ्या कागदावर एक गोल काढला, गोलात 'पाणी' असं लिहिलं आणि गोलातून चौफेर बाण सोडले. एक मराठीकडे, एक गणिताकडे, एक परिसर अभ्यासाकडे, एक कार्यानुभवाकडे. संगीताची आठवण शेवटी झाली. तोवर कागद संपत आला होता, त्यामुळे माझा बाण जरा वळण घेऊन खिडकीकडे गेला. महिन्याला एक संकल्पना, आणि प्रत्येक विषयाने तिला हातभार लावायचा. "संगीताने तर सगळ्यांनाच लावायचा," तज्ज्ञ माझ्याकडे बघून म्हणाले. एकत्र कुटुंबात नव्या सुनेला 'सगळं घर तुझंच' म्हणून सांगतात, त्याचा अर्थ सगळ्या खोल्यांचा केर तुझा, हे तिला चौथ्या दिवशी कळतं. मला तालुक्याहून परत येतानाच कळलं.

तर पाणी. पाणी म्हटल्यावर मल्हार, एवढं समजायला मला बाणाची गरज नव्हती. तिसरीच्या पोरांना मियाँ मल्हारातले दोन निषाद कुठे सांगत बसणार, म्हणून मल्हार गायला की पाऊस पडतो ही आख्यायिका सांगितली आणि जमेल तशी आलापी केली. आमचा भाग पंढरपूरकडचा. जून कोरडा गेला. जुलैचा पहिला आठवडाही कोरडा गेला. मुलं रोज दारात अडवायची, "ओ सर, तुम्ही नीट म्हटला न्हवता काय?" पेरण्या खोळंबलेल्या एका आजोबांनी तर शाळेच्या फाटकापाशी मला थांबवून अतिशय गंभीरपणे सांगितलं, "गुर्जी, आणखी एकदा बघा म्हणून."

मी तातडीने आख्यायिका सोडली आणि विज्ञान धरलं. जलतरंग! त्याला चिनी मातीच्या वाट्या लागतात. शाळेत चिनी माती एकाच जागी सापडते, शिक्षकांच्या खोलीत. आठ कप उचलून आणले आणि सळईवर रबर गुंडाळून काठी केली. पाणी वाढवलं की स्वर खाली, कमी केलं की वर, असं करत सात कप सुरात आणले. आठवा मोठ्या बाईंचा, गुलाबाचं चित्र असलेला. तो काठोकाठ भरला तरी मला हवा तेवढा खाली यायला तयार होईना. शेवटी त्यालाच वरचा सा मानला आणि उरलेले सात त्याच्या पट्टीत लावले. शाळेचा बाकीचा कारभारही याच पद्धतीने चालतो.

फळ्यावर नियम लिहिला: पाणी जास्त, स्वर खाली. मुलांनी वहीत उतरवला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने आपली पाण्याची बाटली ओठाशी धरून फुंकली. बोटीच्या भोंग्यासारखा घूं असा आवाज आला. मग तो दोन घोट पाणी प्यायला आणि पुन्हा फुंकली. आवाज आणखी खाली गेला. पुन्हा दोन घोट, पुन्हा खाली.

"सर, माझं उलटं व्हायलंय."

शिक्षकाच्या आयुष्यातले हे क्षण फार महत्त्वाचे असतात. मी त्याला म्हणालो, "तुझी बाटली खराब आहे."

त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून आमच्या घरच्या सगळ्या बाटल्या फुंकल्या. सगळ्याच खराब निघाल्या. सौभाग्यवती दारात उभी राहून बघत होती. तिने काही विचारलं नाही, फक्त काकवीची बाटली माझ्यापासून लांब ठेवली. अकराच्या सुमाराला उजेड पडला. कपावर टोला मारला की कप थरथरतो. पाणी म्हणजे त्याच्या अंगावरचं ओझं, ओझं वाढलं की थरथर मंदावते, स्वर उतरतो. बाटली फुंकली की थरथरते ती आतली हवा. पाणी वाढलं की हवेची खोली लहान होते, आणि लहान खोलीतला आवाज बारीक. नियम एक नव्हताच. दोन होते आणि दोन्ही खरे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो इतका घाबरला की त्याने बाटली आणायचीच बंद केली. आणि त्याच तासाला मोठ्या बाई कप शोधत वर्गात आल्या. आल्यासारखं त्यांनी विचारलं, "सांगा पाहू, पाणी वाढवलं की स्वर वर जातो की खाली?" अर्धा वर्ग 'वर' म्हणून ओरडला, अर्धा 'खाली' म्हणून. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे." त्यांनी वरचा सा उचलला, त्यातलं पाणी खिडकीतून ओतलं आणि निघून गेल्या. खाली गणिताचे सर उभे होते. पुढे दोन आठवडे ते माझ्या तासाला 'जरा' म्हणून आले नाहीत.

गाण्यातून शिकवायचं हे काही आज कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळं झुलत झुलत, एका सुरात पाठ केलं. त्या चालीचा संगीतकार कोण, कुणाला ठाऊक नाही. पण विदर्भातल्या म्हाताऱ्याला कोकणातल्या म्हाताऱ्याशेजारी बसवून दिडकी सुरू करून दिली तर दोघे एकाच लयीत डुलतील, असा माझा अंदाज आहे. फक्त या पद्धतीत एक खोट आहे आणि ती आम्ही गाण्यातले लोक कबूल करत नाही. चालीवर पाठ केलेली गोष्ट सुटी मिळत नाही. 'सात नवे किती?' असं मधूनच विचारा, पोरगं डोळे मिटून 'सात एके सात'पासून निघतं आणि नवाच्या थांब्यावर उतरतं. मुखडा घेतल्याशिवाय अंतरा येत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर रण माजलं. जोडाक्षरांचा धाक कमी होईल, असं एक बाजू म्हणाली. भाषेचं वाटोळं होईल, असं दुसरी. तबलजीचं मत मात्र कुणी विचारलं नाही. 'सात नवे त्रेसष्ट' म्हणताना 'त्रे'वर अशी थाप पडते की डग्ग्याने मान डोलवावी. 'साठ तीन'मध्ये साठवर पाय ठेवला की तीन मागे फाटकात अडकून राहतो. मुलांना काय सोपं पडतं याबद्दल मी बोलणार नाही, तो अधिकार पहिली-दुसरीच्या बाईंचा. मी फक्त समेबद्दल बोलतोय.

ऑगस्टची संकल्पना 'माझे शरीर' होती. पाचवीच्या बाई उत्साही. त्यांनी एका रात्रीत पचनसंस्थेवर गाणं रचलं आणि एका गाजलेल्या सिनेमातल्या प्रेमगीताची चाल मला दिली. माझं काम पेटी धरायचं. अन्ननलिका, जठर, यकृत सगळे ओळीने समेवर आले. पण लहान आतड्याच्या जागी चाल धावती होती, ते चार मात्रांत उरकलं. मोठ्या आतड्याला मात्र लांब ओढलेली तान आली, नायक डोंगरावरून हात पसरून धावत येतो तिथली. मुलं ती जागा जीव तोडून घ्यायची. घटक चाचणीत प्रश्न आला: कोणते आतडे अधिक लांब? सगळ्या वर्गाने, अपवाद न करता, 'मोठे आतडे' असं लिहिलं. लहान आतडं सहा-सात मीटर लांब असतं आणि मोठं जेमतेम दीड मीटर. मोठं म्हणतात ते रुंदीवरून. पण पोरांनी कानाने मोजलं होतं. बाई माझ्यावर अजून किंचित नाराज आहेत. चाल त्यांनीच निवडली होती, एवढं मी नोंदवून ठेवतो.

तेव्हापासून माझ्या मनात एक शंका बसली. विषयाला गाणं नेसवायचं आणि गाण्यात विषय सापडायचा, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. पण हे सभेत बोललो असतो तर त्याचाही तक्ता करायला सांगितला असता, म्हणून गप्प बसलो.

मधे एकदा पेटी बिघडली. मध्य सप्तकातली काळी दोन दाबली की वर यायचं नाव घेईना. भाता उघडून बसलो, मुलं भोवती. रिकामा वेळ होता म्हणून सांगितलं की या पेटीला आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती आणि ती थेट १९७१ मध्ये सैल झाली. वर्ग स्तब्ध. मग एकीने हळूच विचारलं, "तिने काय केलं होतं?" मी म्हणालो, तिला मींड घेता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर ती घसरत जाऊ शकत नाही, टुणकन उडी मारते. "एवढ्याच्यासाठी एकतीस वर्षं वर्गाबाहेर?" दुसरा म्हणाला. वजाबाकी त्याने मनातच केली होती. मी सांगितलीही नव्हती. त्या दिवशी पेटीबद्दल वर्गात जी कणव दाटली ती मला बावीस वर्षांत मिळालेली नाही.

सप्टेंबरमध्ये 'आपला जिल्हा' आला आणि मी कपाटावरचा तानपुरा खाली घेतला. कुणी देणगीदाराने कधी काळी दिलेला, मिरजेचा. धूळ झटकली तेव्हा मुलांनी एकच प्रश्न विचारला, "सर, हा खालचा गोल कशाचा?"

मी उत्तर देण्याआधी भिंतीकडेला बसणारा एक मुलगा उठला. हा वर्षभर तासाला एक शब्द बोललेला नव्हता. तो पुढे आला, भोपळ्यावर हात फिरवला, खालून बोटाने ठोकून बघितलं आणि म्हणाला, "आमच्याकडचा हाय."

त्याच्या घरी भोपळ्याचा मळा होता. आणि तो म्हणत होता ते खरंच होतं. मिरजेच्या कारागिरांकडे जाणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. भाजीचे नव्हेत ते. वेलावर जून होऊ द्यायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे, आतला गर काढायचा. त्याने वर्गाला अर्धा तास हे समजावून सांगितलं. मी बाकावर बसून ऐकलं. नंतर मी माझी भर घातली. एके काळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून मिरजेत तंतुवाद्यं घडू लागली, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे आता हे नाव मिरजेचंच."

त्याचा चेहरा पडला. "भोपळा आमचा आन् नाव मिरजेचं?"

"अरे, कारागिरी त्यांची आहे ना."

"आन् पाणी कोन घालतंय ओ?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मिरजेच्या कुणाला सुचलं तर कळवावं.

तानपुरा खाली उतरलाच होता, म्हणून पुढच्या तासाला एक फळी आणली, तिच्यावर दोन खिळ्यांमध्ये ३६ इंचांची तार ताणली आणि इंचांची पट्टी चिकटवली. ही काही माझी अक्कल नव्हे. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीत पारिजात'मध्ये वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगून ठेवल्यात, आणि संगीताच्या शिकवणीत ३६ इंचांची तार धरायचा रिवाज आहे. ३६ ला कसंही भागा, कुरकुरत नाही. पूर्ण तार छेडली: सा. बरोबर मध्ये, १८ वर दाबली: वरचा सा. मुलांनी 'अर्धा' म्हटलं. २४ वर दाबली: पंचम. इथे जरा अडलं. पंचम म्हणजे पाचवा आणि तो दोन तृतीयांशावर का, यावर वर्गात दोन तट पडले. मग २७ वर दाबली: मध्यम.

किराणा दुकानदाराची मुलगी ताडकन म्हणाली, "पाऊण!"

"कसं काढलंस?"

"३६ चं पाव म्हणजे नऊ. पाव कमी म्हणजे पाऊण. गुळाचं असंच असतं."

पाऊण तार म्हणजे मध्यम. मी ही गोष्ट भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांपासून आजवर किती जणांकडून ऐकली, वाचली. गुळाच्या भावाने कुणी सांगितली नव्हती. तिला तेवढ्यावर समाधान नव्हतं. "आता सव्वा वाजवा." मी म्हणालो, फळी संपली. "मग दुसरी जोडा की." घरी जाऊन कागदावर मांडून पाहिलं: ताण तोच ठेवून ४५ इंचांची तार घेतली तर मंद्र सप्तकातला कोमल धैवत येतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "आणि दीड?" दीड म्हणजे मंद्रातला मध्यम. "आणि अडीच?" अडीचकी संपायच्या आत मी तिला पाणी प्यायला पाठवलं.

ऑक्टोबरात तर कहरच झाला. संकल्पना 'सण' होती. भोंडला हादग्याचे हिशेब गणिताच्या सरांनी आधीच ताब्यात घेतले होते. जुन्या रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळा दिवस, एकूण १३६. ते म्हणाले, बसवा. मला अकरा येत होती. खिरापतींचा हिशेब कुणी काढला नाही याबद्दल पोषण आहाराच्या मावशींनी माझे आभार मानले.

मी गाणी टाळून टाळ्या धरल्या. चौथीचे दोन गट केले. डावीकडचे दादरा, सहा मात्रा. उजवीकडचे केरवा, आठ मात्रा. दोघांनी एकदम सुरू करायचं, आपापल्या समेला जोरात टाळी द्यायची. सुरुवातीला बाजार भरला. मग हळूहळू लय जमली आणि मुलांच्या लक्षात आलं की मधूनच एकदा दोन्हीकडची जोरकस टाळी एकत्र पडते, आणि तेव्हा खिडकीची तावदानं हलतात. ती कधी पडणार याची वाट बघण्यात त्यांना विलक्षण मजा वाटू लागली. चष्मेवाल्याने बोटांवर मोजलं: दादऱ्याची चार आवर्तनं, केरव्याची तीन. "सर, २४ मात्रा झाल्या की भेटतात!"

गणिताचे सर दारात उभे होते. 'जरा' म्हणायला आले असावेत. पण म्हणाले ते वेगळंच. "हा लसावि आहे. सहा आणि आठचा लसावि."

"असेल," मी म्हणालो.

"चौथीला नाही तो. पुढे आहे."

"मी शिकवला नाही. त्यांचा त्यांना भेटला."

सरांना ते पटलं नाही. अभ्यासक्रमाच्या आधी आलेली गोष्ट म्हणजे घरी आमंत्रणाआधी आलेला पाहुणा. तेवढ्यात चष्मेवाल्यानेच काडी टाकली. "पण सर, टाळी २४ ला नाही पडत. २५ ला पडते." सर म्हणाले, २४. तो म्हणाला, "२४ तर मोकळी जाते, मी मोजली." गायन-वादनातल्या कुणालाही विचारा: तीनतालात सोळा मोजायच्या आणि समेला भेटायचं ते सतराव्याला, म्हणजे पुढच्या पहिलीला. मुलगाही बरोबर, सरही बरोबर. पाण्याच्या कपांपासून मला अशा परिस्थितीची सवय झाली होती. सर मात्र फळ्यापाशी आले आणि त्यांनी खडूने २४ रेघा काढल्या. मग बाजूला पंचविसावी काढली. मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. घंटा झाली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी त्यांनी माझा तास घेतला, का मी त्यांचा, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.

मधल्या काळात इतिहासही झाला, तो थोडक्यात सांगतो. शिवछत्रपतींच्या पाठाला अफझलखान वधावरच्या अज्ञानदासाच्या पोवाड्याची गोष्ट सांगितली. पोरांनी डफ मागितला, मी टेबल दिलं, टेबलाचा पाय गेला. दुसऱ्या तासाला कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं असं सांगितलं. "पाकिस्तानात कशाला काढलं?" या प्रश्नावर तो तास फाळणीत गेला.

डिसेंबरात विस्तार अधिकारी भेटीला आले. खिचडीनंतरची वेळ, संगीतशास्त्राप्रमाणे भीमपलासीची आणि चौथीच्या वर्गाप्रमाणे डुलकीची. मी पेटी, फळी, आठ कप (मोठ्या बाईंचा सोडून, सात), तानपुरा असं सगळं मांडून बसलो होतो. साहेब घाईत होते, पुढे आणखी दोन शाळा होत्या. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं.

"काय रे बाळा, या तासाला यंदा काय काय शिकलास?"

मुलगा म्हणाला, "भोपळा."

साहेबांनी मान डोलावली. दुसरीला विचारलं.

"गूळ," ती म्हणाली. "पाऊण."

तिसरा बाटलीवाला. तो माझ्याकडे बघून घाबरत म्हणाला, "पाणी घालायचं. किती घालायचं त्याच्यावर हाय."

"उत्तम," साहेब म्हणाले आणि भिंतीकडेच्या त्या अबोल मुलाकडे वळले. तो उभा राहिला, आणि वेल कधी लावायचा, फळ किती दिवस ठेवायचं, वाळवायचं कुठे, गर कसा काढायचा, हे सगळं त्याने न अडखळता सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलला. मुलाच्या पाठीवर त्यांनी शाबासकी दिली, माझ्याशी हात मिळवला आणि गाणं न ऐकताच मोठ्या बाईंच्या खोलीकडे गेले.

संध्याकाळी शिपाईमामा शेरेबुक घेऊन आले. वाचून सही करायची असते. साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'शाळेचा परसबाग उपक्रम स्तुत्य आहे. मुलांना चांगली माहिती आहे. पुढील वर्षी भोपळ्याची लागवड वाढवावी.'

मी खाली सही केली. दारात गणिताचे सर आले होते.

"सर, उद्या जरा…"

"या," मी म्हणालो. "आळं कुठे करायचं ते दोघं मिळून ठरवू."